त्या पांढऱ्या पेशी जपून ठेवा : आरोग्य विज्ञान विद्यापीठाला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ,
म्हसरूळ, नाशिक.

सविनय नमस्कार, वि. वि.

दिंडोरी, पेठ, सुरगाणा, निफाड, मालेगाव अशा सगळ्या भागांतून पोट वाढलेली लहान मुलं नाशकात रक्त तपासायला येतात. हातपाय काड्यांसारखे, पोट पुढे आलेलं आणि बोटांनी दाबून पाहिलं तर बेंबीपर्यंत उतरलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा. मलेरियाची तपासणी होते, सिकलसेलची होते, थॅलेसेमियाची होते, क्षयाची होते. त्या व्हायलाच हव्यात. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिच्यामुळे आदिवासी भागातल्या मुलांच्या रक्ताकडे लक्ष जाऊ लागलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण हे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की पुढे काय? इथे गाडी अडते. टॉनिक लिहून दिलं जातं, 'मोठं झालं की सुटेल' असं सांगितलं जातं, आणि आई मुलाला घेऊन परत जाते. हे पत्र त्या पुढच्या पायरीबद्दल, पेशींत न पचलेला पदार्थ साठत जाणाऱ्या जन्मजात आजारांच्या निदानाबद्दल आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. दिवसाचा बराचसा वेळ मायक्रोस्कोपला डोळे लावून जातो, म्हणून जे दिसतं तिथूनच सुरुवात करते.

लेशमन नावाच्या रंगाने रंगवलेली बोन मॅरोची, म्हणजे हाडांतल्या मगजाची, स्लाइड घ्या. कमी ताकदीच्या लेन्सखाली फिरत असताना स्लाइडच्या कडेला, जिथे मॅरोचे कण जमा होतात तिथे, मध्येच एक भलीमोठी पेशी दिसते. शेजारच्या पेशी तिच्यापुढे ठिपक्यांएवढ्या वाटतात. केंद्रक एका बाजूला सरकलेलं, आणि उरलेली सगळी पेशी निळसर करड्या रंगाची, चुरगळून पुन्हा सरळ केलेल्या पातळ कागदासारखी सुरकुतलेली. ही गौशे पेशी, गौशे नावाच्या आजाराची खूण. निमन-पिक या तशाच दुसऱ्या आजारात ती सुरकुतलेली नसते, फेसाळ असते. ज्या विद्यार्थ्याला कोणी ही पेशी दाखवलेली नाही, तो तिच्यावरून तसाच पुढे सरकतो. प्लेटलेट मोजतो, 'हायपरस्प्लेनिझम' (वाढलेली पाणथरीच रक्तपेशी खाते) असं लिहितो आणि मोकळा होतो. मी हे होताना पाहिलं आहे.

ही पेशी बाहेरून आलेली नसते. ती आपल्याच प्रतिकारशक्तीची पेशी आहे, मॅक्रोफेज. जंतू गिळणं हे तिचं काम सर्वांना ठाऊक असतं. पण तिचं रात्रंदिवस चालणारं काम वेगळंच आहे : म्हाताऱ्या झालेल्या रक्तपेशी गिळून पचवणं. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला २० लाखांच्या घरात नव्या तांबड्या पेशी तयार होतात आणि जवळपास तेवढ्याच जुन्या बाद होतात. त्या बाद झालेल्या पेशी पाणथरी, यकृत आणि बोन मॅरोतल्या मॅक्रोफेज गिळतात. पचन चालतं ते लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या पचनाच्या पिशव्यांत. बेल्जियमच्या क्रिस्तियान द दूव यांनी १९५५ मध्ये लायसोसोमचा शोध जाहीर केला आणि १९७४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. लायसोसोममध्ये अनेक प्रकारची एन्झाइम असतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. त्यातलं एखादं जन्मतःच बिघडलेलं असलं की त्याच्या वाटणीचा पदार्थ फुटत नाही. तो साठत राहतो. असे ५० हून अधिक आजार आज माहीत आहेत. गौशे, निमन-पिक, पॉम्पे, फॅब्री, टे-सॅक्स, आणि हर्लर-हंटरसारख्या एमपीएस गटातले (साखरेच्या लांब साखळ्या साठत जाणारे) कितीतरी.

फिलिप गौशे यांनी १८८२ मध्ये पॅरिसमध्ये ही पेशी पाहिली तेव्हा त्यांना तो पाणथरीचा ट्यूमर वाटला. त्यात कमी काय आहे हे कळायला १९६५ उजाडलं. अमेरिकेत रॉस्को ब्रेडी यांनी दाखवलं की ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम कमी पडतं आणि रक्तपेशींच्या आवरणातली एक चरबी मॅक्रोफेजमध्ये अडकून बसते. म्हणून तर पाणथरी आणि यकृत वाढतात, हाडं दुखतात, प्लेटलेट घसरतात.

यापुढचा इतिहास मी मुद्दाम थोडा सविस्तर सांगते, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे. एन्झाइम कमी आहे ना, मग बाहेरून द्या, ही कल्पना सरळ होती. माणसाच्या वारेतून ते काढलं आणि शिरेतून दिलं. फळ नीट मिळेना. दिलेलं एन्झाइम बहुतेक यकृताच्या साध्या पेशीच उचलत होत्या, जिथे त्याची गरज होती त्या मॅक्रोफेजपर्यंत ते पुरेसं पोचतच नव्हतं. मग लक्षात आलं की मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर मॅनोज नावाची साखर ओळखणारा रिसेप्टर असतो. एन्झाइमवरच्या साखळीतल्या बाहेरच्या साखरा छाटल्या, आतलं मॅनोज उघडं केलं, आणि मॅक्रोफेज ते उचलू लागल्या. १९९१ मध्ये या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. पुढे १९९४ मध्ये वारेऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून बनवलेलं एन्झाइम आलं. म्हणजे औषध तेच होतं, ते लागू पडलं प्रतिकारशक्तीची पेशी काय ओळखते हे समजल्यावर.

हर्लरचंही तसंच. एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये हर्लर आणि हंटर या दोन आजारांच्या रुग्णांच्या पेशी एकाच बशीत वाढवल्या आणि दोन्ही सुधारल्या. एका पेशीने बाहेर सोडलेलं एन्झाइम शेजारची पेशी आत घेते, हे त्यातून कळलं. १९८१ मध्ये लंडनहून हर्लरच्या मुलाला बोन मॅरो दिल्याचा पहिला वृत्तान्त आला. शिरेतून दिलेलं एन्झाइम मेंदूत शिरत नाही. दात्याच्या मॅरोतून तयार झालेल्या पेशी मात्र हळूहळू मेंदूत जाऊन मायक्रोग्लियासारख्या, म्हणजे मेंदूतल्या मॅक्रोफेजसारख्या, राहू लागतात आणि तिथेच एन्झाइम पुरवतात. पण त्यासाठी मॅरो लवकर द्यावा लागतो, साधारण दोन-अडीच वर्षांच्या आत. त्यानंतर मुलाचं शरीर पुष्कळसं सावरता येतं, गेलेली समज परत येत नाही. निदानाला होणारा उशीर किती महाग पडतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

आता आपल्याकडचं सांगते. आदिवासी पट्ट्यातल्या एका मुलीची पाणथरी वाढली होती, प्लेटलेट कमी होत्या. एका रुग्णालयात तिची पाणथरी काढून टाकली. निदान न करता. काही काळ रक्ताचे आकडे सुधारले, घरच्यांना वाटलं सुटलो. मग मांडीचं हाड इतकं दुखू लागलं की ती रात्रभर ओरडायची. पाणथरीत साठणारा पदार्थ पाणथरी गेल्यावर थांबत नाही, तो हाडांत आणि यकृतात साठू लागतो. गौशेच्या रुग्णाची पाणथरी होता होईल तो काढू नये, असं आज जगभर मानलं जातं ते याचसाठी. तिच्या मॅरोची स्लाइड माझ्यासमोर आली तेव्हा पहिल्याच दृष्टीक्षेपात त्या पेशी दिसल्या. फिल्टर पेपरवर वाळवलेला रक्ताचा थेंब पाठवून एन्झाइम तपासलं आणि निदान पक्कं झालं. तोवर खुब्याचा सांधा खराब झाला होता. त्या मुलीच्या आईला सासरी इतकी वर्षं ऐकावं लागलं होतं की तिच्या पोटीच खोट आहे.

हे वाक्य मला अजून टोचतं. यातले बहुतेक आजार दोन्ही बाजूंनी येतात. आई आणि वडील दोघंही निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. हंटर आणि फॅब्री एवढेच मुख्य अपवाद, ते एक्स गुणसूत्रावरून येतात. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्याकडे अनेक समाजांत आहे, जवळच्या नात्यात लग्न झालं की दोघं एकाच बिघाडाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. हे कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. निदान झालं असतं तर त्या आईला कोणीतरी समोर बसवून हे समजावलं असतं, आणि पुढच्या गरोदरपणात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वारेचा तुकडा तपासून बाळाचं कळू शकतं हेही सांगितलं असतं.

मा. महोदय, या आजारांचं निदान मुख्यतः पांढऱ्या पेशींवर होतं. बोटभर लांबीची जांभळ्या झाकणाची नळी, त्यात दोन-चार मिलीलिटर रक्त. ती फिरवली की तांबड्या पेशी खाली बसतात, वर प्लाझ्मा राहतो आणि मधोमध पांढऱ्या पेशींचा एक पातळ पापुद्रा दिसतो. एन्झाइम त्या पापुद्र्यात मोजतात. इतकंच काय, साध्या स्मिअरमध्येही, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबातही, खुणा असतात. एमपीएसच्या काही मुलांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये गडद दाणे भरलेले दिसतात, पॉम्पे आणि इतर काही आजारांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये पोकळ्या दिसतात. प्रत्येक तालुक्याच्या लॅबमध्ये स्मिअर बनतो. काउंट झाला, रिपोर्ट गेला की नळी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशवीत जाते. निदान न लागलेल्या मुलाच्या बाबतीत तरी ती जाऊ नये, एवढंच मी म्हणते.

स्लाइडवरून निदान पक्कं करा, असं मी म्हणत नाही. थॅलेसेमियात आणि काही ल्युकेमियांत गौशेसारख्याच दिसणाऱ्या पेशी मॅरोत सापडतात. तिथे एन्झाइमची तपासणीच निकाल देते. रक्तातलं कायटोट्रायोसिडेज हे एन्झाइमही मदतीला येतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं की गौशेच्या रुग्णांत ते शेकडो पटींनी वाढलेलं असतं, कारण त्या भरलेल्या मॅक्रोफेजच ते रक्तात सोडतात. मात्र काही निरोगी माणसांत ते जन्मतःच नसतं, म्हणून एकट्या त्यावर विसंबता येत नाही. गौशेच्या भारतीय रुग्णांत एल४४४पी हा जनुकबदल सर्वाधिक आढळतो. तो दोन्हीकडून आला तर मेंदूवर परिणाम व्हायचा धोका असतो. युरोपातल्या रुग्णांवरून काढलेले ठोकताळे आपल्या मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे यावरूनच समजावं.

इथे संशोधनाचा प्रश्न येतो, आणि 'हे काम मोठ्या संस्थांचं' असं म्हणून तो बाजूला ठेवला जाऊ नये. एक उदाहरण देते. प्रथिनांऐवजी चरबीचे रेणू ओळखणाऱ्या काही टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) असतात. ते रेणू त्यांच्यापुढे मांडायच्या कामात लायसोसोम लागतो. साठवणीचे आजार असलेल्या उंदरांत या टी-पेशी कमी सापडल्या, तेव्हा माणसांतही तसंच असेल असं वाटलं. निमन-पिक सी प्रकारच्या रुग्णांचं रक्त तपासल्यावर, २०१२ मध्ये, त्यांची संख्या सर्वसाधारणच निघाली. उंदरावरून काढलेला अंदाज रुग्णांच्या रक्ताने खोडून काढला. ते रक्त कोणीतरी वेळेवर घेतलं होतं म्हणून हे कळलं.

दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं आहे : क्षय. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्राफिश नावाच्या लहानशा माशात हा प्रश्न विचारला. २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की लायसोसोममध्ये साठा झालेल्या मॅक्रोफेज जड होतात, जागेवरून हलत नाहीत, आणि क्षयाच्या जंतूंच्या जातीतल्या जंतूंशी लढताना मागे पडतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातल्या मॅक्रोफेजही तशाच भरलेल्या आणि मंद असतात, हेही त्याच कामात दिसलं. आणि २०२३ मध्ये त्याच गटाने नेमकं उलट वाटावं असं काहीतरी दाखवलं. गौशेचा जनुकबिघाड असलेले मासे क्षयाला अधिक तोंड देतात, कारण लायसोसोममध्ये साठणारा ग्लुकोसिल-स्फिंगोसिन हा पदार्थच त्या जंतूंना मारतो. एका साठ्याने मॅक्रोफेज लुळी पडते, दुसऱ्या साठ्याने ती जंतूला भारी पडते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. क्षय आणि गौशे दोन्ही जिथे आहेत, तिथल्या डॉक्टरांनी हा प्रश्न माणसांत विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? गौशेच्या जनुकाचा एकच बिघाड असलेल्या वाहकांना पार्किन्सन्सचा धोका वाढतो हेही सिद्ध झालेलं आहे. म्हणजे हा विषय मूठभर मुलांपुरता उरत नाही.

विद्यापीठाने काय करावं, ते आता सांगते. पदवीचा अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो, हे मला माहीत आहे. पण प्रात्यक्षिक परीक्षेत कोणत्या स्लाइड ठेवायच्या, संशोधन अनुदान कशाला द्यायचं, पदव्युत्तर प्रबंधांना कोणती दिशा सुचवायची, यात विद्यापीठाच्या शब्दाला वजन आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यभरातली महाविद्यालयं जोडलेली आहेत. दर वर्षी पॅथॉलॉजी आणि बालरोगशास्त्राचे कितीतरी विद्यार्थी प्रबंध लिहितात, आणि त्यातले पुष्कळसे विषय आधी अनेकदा होऊन गेलेले असतात. त्याऐवजी उत्तर महाराष्ट्रातल्या कारण न सापडलेल्या वाढलेल्या पाणथरीवर, एकाच पद्धतीने, वर्षामागून वर्ष प्रबंध झाले तर? एका विद्यार्थ्याने जमवलेली माहिती पुढच्याला मिळेल. नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर या जिल्ह्यांची एक नोंदवही तयार होईल. प्रत्येक मुलाचा स्मिअर जपला जाईल, वाळवलेल्या रक्ताचा थेंब तपासणीला जाईल, आणि पालकांची परवानगी असेल तर पांढऱ्या पेशी गोठवून ठेवता येतील. ही नोंदवही विद्यापीठाने सांभाळावी, कोणा एका प्राध्यापकाने नव्हे. बदली झाली की काम संपतं, हा अनुभव आपल्या सगळ्यांचाच आहे.

गोठवलेल्या पेशी जपायला खोल थंडीचे फ्रीझर, न तुटणारी वीज आणि जबाबदार माणूस लागतो. तो खर्च विद्यापीठाला पेलणारा आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. परळला केईएम रुग्णालय दुर्मिळ आजारांचं उत्कृष्टता केंद्र आहे, त्याच आवारात राष्ट्रीय प्रतिकार-रक्तशास्त्र संस्था आहे. त्यांच्याशी करार करून नमुने इथून जावेत. आज नमुन्याऐवजी मूल जातं. सुरगाण्याचं कुटुंब आदल्या दिवशी नाशकात येऊन राहतं, सकाळी पंचवटी एक्स्प्रेस पकडतं, दादरला उतरून परळ शोधतं, आणि एवढं करून कधीकधी फक्त पुढची तारीख घेऊन परततं. त्या दिवसाची मजुरी जाते ती वेगळीच.

पैशांचाही मुद्दा आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातच म्हटलंय की १० किलो वजनाच्या मुलाच्या काही आजारांवरील उपचारांचा वर्षाचा खर्च १० लाखांपासून १ कोटीच्याही पुढे जाऊ शकतो, आणि वजन-वय वाढेल तसा तो वाढतो. २०२२ पासून केंद्राची मदत ५० लाखांपर्यंत केली आहे. ती संपल्यावर काय, हा प्रश्न मी कमी लेखत नाही. पण नोंदणी उत्कृष्टता केंद्रात होते आणि नोंदणीसाठी आधी निदान लागतं. निदानच नसेल तर ते मूल कोणत्याच यादीत नसतं. त्याचा खर्च शून्य दिसतो आणि मग 'आपल्याकडे असे रुग्ण नाहीत' असं म्हटलं जातं.

एका गोष्टीबाबत मात्र फार काळजी घ्यावी लागेल. आदिवासी पाड्यावरच्या आईबापांकडून अंगठा घेऊन नमुना उचलायचा आणि नंतर त्यांना काहीच कळवायचं नाही, असं होता कामा नये. परवानगी त्यांच्या बोलीत, वेळ देऊन, आशाताईंना सोबत घेऊन मागावी. निकाल त्यांच्यापर्यंत पोचलाच पाहिजे. वाहक कोण हे गावात फुटलं तर मुलींची लग्नं अडतील, म्हणून माहिती गुप्त ठेवायची व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी. नमुना देश-परदेशात कोणाला द्यायचा, हे विद्यापीठाच्या नीती समितीने उघडपणे ठरवावं.

सर्वात आधी आणि विनाखर्च होण्यासारखी गोष्ट म्हणजे स्लाइड. येत्या परीक्षेपासून पॅथॉलॉजीच्या प्रात्यक्षिकात गौशे आणि निमन-पिकची मॅरोची स्लाइड आणि एमपीएसचा स्मिअर असावा, अशी माझी विनंती आहे. माझ्याकडे ओळख पुसलेल्या अशा स्लाइड आहेत. त्या मी विद्यापीठाला देते, आणि हव्या तितक्या महाविद्यालयांत येऊन स्वतः शिकवते, मानधनाशिवाय. नोंदवही आणि पेशीसंग्रहाचा सविस्तर आराखडा मी आणि शहरातले काही बालरोगतज्ज्ञ मिळून तयार करत आहोत. विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीत तो मांडायला आम्हाला वेळ द्यावा.

आपली विश्वासू,
नाशिकमधली एक पॅथॉलॉजिस्ट